शेवटच्या दोन कड्या

“काळजी नको, काका. थोरलीच देतोय. धाकटी नको म्हटलं,” असं सांगून शिडी, म्हणजे भूल देणारा डॉक्टर, ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे वळला, आणि जाता जाता पुन्हा थांबून म्हणाला, “काल काकू ऐकतच नव्हत्या. जुनं औषध नको, जुनं नको, एकच धोशा. पण हे तुमच्याच लॅबचं संशोधन आहे म्हटल्यावर गप्प झाल्या. म्हणाल्या, ह्यांच्या लॅबचं आहे ना, मग बरोबरच असणार.” तो हसला आणि आत गेला. दार दोन्ही बाजूंना हलणारं होतं. ते तीनदा हललं आणि थांबलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. फरशी जागच्या जागी होती, तिच्यावर कुणाच्या तरी ओल्या चपलांचे ठसे होते, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. फक्त माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप तळव्यात मुडपला आणि तिथेच बसला.

“धाकटी नको म्हणजे काय हो, भावजी?” शेजारच्या खुर्चीतून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ऑपरेशन माझ्या बायकोचं, पण सकाळपासून घाम वहिनींना फुटला होता. “तिचंच ऑपरेशन ना? मग ती नको कशी? आणि थोरलीला कशाला मध्ये घालताय? रक्तबिक्त घ्यायचं असेल तर आत्ताच सांगते, माझी साखर वाढलेली आहे.” मी म्हटलं, “औषधांची नावं आहेत ती, वहिनी. भुलीच्या.” “औषधांची? आणि अशी माणसांसारखी?” “लॅबमध्ये ठेवली होती आम्ही.” “आम्ही म्हणजे कुणी?” मी अंगठा डाव्या हाताने धरून ओढला. टक् असा आवाज करून तो सरळ झाला. वहिनींनी तो आवाज ऐकला असावा, पण त्या थर्मासच्या नादात होत्या.

नावं मीच ठेवली होती. आमच्या घरात दोन सुना. वहिनी थोरली, माझी बायको धाकटी. लग्नाला तीस वर्षं झाली तरी घरात कुणी तिला नावाने हाक मारत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आणि आमच्या प्रमुख बाई. बाईंनी भुलीची दोन औषधं अभ्यासाला घेतली, एक जुनं आणि एक त्यामानाने नवं. दोन्हींची नावं घेताना जिभेला गाठ पडायची, बाटल्या दिसायला सारख्या. अदलाबदल व्हायला नको म्हणून एके दिवशी मी चिकटपट्टीवर लिहून टाकलं, थोरली आणि धाकटी. बाई आधी रागावल्या, मग हसल्या, आणि आठवड्याभरात त्याच म्हणायला लागल्या, “आज थोरली की धाकटी?” शिडी तेव्हा बाईंचा विद्यार्थी होता. वरच्या फळीवरच्या बाटल्या स्टूल न घेता काढायचा म्हणून त्याचं नाव शिडी पडलं. आता तो या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे आणि माझी बायको त्याच्या हातात आहे. आमच्या भाषेची गंमत बघा, देतात तीही भूल आणि होते तीही भूल. आत्ता या गमतीचं हसू येत नव्हतं.

भूल दिली की माणसाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या औषधाने किती आणि कुठल्या वाटेने, हे बाईंना हवं होतं. कारण रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नसते. तिला आतून अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं, डोळ्यांना न दिसणारं. भिंत आवळते ती भिंतीतल्या स्नायूंनी, पण आता सैल हो, हा निरोप द्यायचा असतो अस्तराने. अस्तर निघून गेलं की नळी आवळायची तेवढी आवळते, सैल व्हायला मात्र विसरते. काही माणसंही अशी असतात, आमचे वडील तसे होते. आम्ही उंदराची महाधमनी घ्यायचो, तिच्या तीन-तीन मिलिमीटरच्या कड्या कापायचो, कडी तारेच्या दोन बारीक आकड्यांत ओवायची आणि अंगाइतक्या कोमट खाऱ्या पाण्याच्या भांड्यात टांगायची. खालून प्राणवायूचे बुडबुडे. वरची तार पेनाला जोडलेली. कडी आवळली की सरकत्या कागदावर पेन वर जाणार, सैल झाली की खाली येणार. सत्तावीस वर्षं मी तो पेन वरखाली होताना पाहिला. लोक मुलं मोठी होताना पाहतात.

कडी कापायला कुणीही शिकतं, पण ती ओवायला हात लागतो. चिमट्याने धरायची ती बाहेरच्या चरबीला धरून. चिमट्याचं टोक आत जाता कामा नये. गेलं तर काही दिसत नाही, हीच तर त्यातली मेख. चीर पडत नाही, रंग बदलत नाही, कडी तशीच गोल आणि फिकट. म्हणून प्रत्येक कडीची आधी परीक्षा घ्यायची. आवळणारं औषध घातलं की पेन वर, मग सैल करणाऱ्या औषधाचे थेंब टाकले की पेन खाली. खाली आला तर अस्तर शाबूत, नाही आला तर कडी फेकून द्यायची. त्यानंतर भुलीचं औषध घालून पुन्हा पहिल्यापासून तेच. “बाहेरून धर रे, बाहेरून,” मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचो. शिडीलाही सांगितलं होतं. त्याची लांबलचक बोटं चिमट्यावर चेपून मी दाखवलं होतं की जोर कुठे द्यायचा.

सव्वादहा. भिंतीवरच्या पडद्यावर रुग्णांचे नंबर येत होते. बायकोच्या नंबरापुढे ‘प्रतीक्षा’ असं लिहिलेलं होतं, कारण तिच्या आधीचं ऑपरेशन लांबलं होतं. म्हणजे ती दाराआड कुठेतरी चाकांच्या खाटेवर पडून छताकडे बघत असणार, चष्म्याशिवाय. अजून वेळ होता. दाराशेजारी घंटेचं बटण होतं, हिरवं. माझ्या खुर्चीपासून ते बारा पावलं. मी उठलो, आठ पावलं गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. “बसा की हो भावजी, अंगात वारं शिरल्यासारखं काय चाललंय,” वहिनी म्हणाल्या. मी बसलो.

धाकटीवर काम सुरू झालं त्या हिवाळ्यात माझा अंगठा दुखायला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. मुडपला की सरळ होईना, ओढला की टक् करायचा. एका वेळी चार कड्या लावायच्या अशी आमची पद्धत. पहिल्या दोन बिनऔषधाच्या, तुलनेसाठी, आणि शेवटच्या दोन औषधाच्या. क्रम ठरलेला, वर्षानुवर्षांचा. कुणी विचारलं असतं असंच का, तर मी म्हटलं असतं, असंच असतं. पहिल्या दोन कड्या ओवून होईपर्यंत अंगठा नीट चालायचा. तिसरीला अडायचा. अडला की चिमटा बोटांत फिरायचा, कडी निसटायला बघायची, आणि तिला स्थिर धरायला मी चिमट्याचं एक टोक आत घालायचो. क्षणभरच. चौथीलाही तसंच. तेव्हा मला हे कळत होतं का? कळत होतं आणि कळत नव्हतं. हाताला कळत होतं म्हणावं तर हात काही बोलत नाही. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. घरी आलो की मी कॉफी करायचो, आणि कॉफीच्या बरणीचं झाकण एका फिरकीत उघडायचं. साखरेच्या बरणीचंही. अंगठा खरंच बिघडला असता तर झाकणं उघडली असती का? लॅबमध्ये गारठा असतो, त्याने आखडत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि रोज रात्री ती समजूत गरम कॉफीबरोबर पिऊन टाकली.

तरी परीक्षा घेतली असती तर खरवडलेल्या कड्या तिथेच पकडल्या गेल्या असत्या. पण परीक्षेला, नंतर कडी धुण्यासकट, सव्वा तास जायचा. बाईंना परिषदेसाठी निकाल हवे होते आणि दिवस हाताशी थोडे होते. “तुमच्या हातच्या कड्या आहेत,” बाई म्हणाल्या, “त्यांची कसली परीक्षा घ्यायची? आदल्या वर्षी थोरलीच्या वेळी एक तरी फेकावी लागली का?” नव्हती लागली. आदल्या वर्षी अंगठा ठणठणीत होता. मी नको म्हणायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि मी फुगलो. हो, फुगलो, दुसरा शब्द नाही. म्हटलं, बरं. मग शेवटच्या दोन कड्यांचा पेन वर गेला तो वरच राहिला. सैल करणाऱ्या औषधाचे थेंब टाका, आणखी टाका, कडी ढिम्म. रोज तेच. बाईंचा चेहरा उजळत गेला. धाकटी रक्तवाहिनीला सैल होऊ देत नाही, अस्तराचा निरोपच अडवते, ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त आहे त्यांनी सांभाळून, असा निष्कर्ष निघाला, छापून आला, वाचला गेला. शेवटच्या पानावर आभार होते, ‘ज्यांच्या कुशल हातांवाचून हे काम झाले नसते’. ते पान मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. बायकोने त्याची एक प्रत आणायला लावली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. साडी काढताना दिसते म्हणे.

वसंतात मी अंगठ्यात इंजेक्शन घेतलं. अंगठा लोण्यासारखा झाला. एका दुपारी भांडी रिकामी होती, चार कड्या शिल्लक होत्या, धाकटीच्या बाटलीच्या तळाशी थोडं औषध होतं. का कोण जाणे, लावलं. आधी परीक्षा घेतली, चारही पास. चारही भांड्यांत धाकटी घातली, कड्या आवळल्या, थेंब टाकले. पेन खाली आला. धाकटी घालण्याआधी आला होता तितकाच खाली आला. पेन बिघडला असेल म्हणून बदलला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कड्या लावल्या. सहाच्या सहा सैल. मी तो कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये सुट्या निबांच्या डबीखाली ठेवला आणि ड्रॉवर लावला. बाई त्या आठवड्यात सत्काराला गेल्या होत्या. आल्यावर सांगू म्हटलं. आल्या तेव्हा पाहुणे होते. मग विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या, मग सुट्टी. खोटं बोलायला एकदाच धीर लागतो, गप्प बसायला तेवढाही लागत नाही. दीड वर्ष झालं. मी स्वतःशी म्हणत होतो, कोण वाचतं असले निबंध?

शिडीने वाचला होता. नुसता वाचला नव्हता, वापरला होता. आणि आणखी कुणाकुणाला त्याने धाकटी नको म्हणून थोरली दिली असेल? हा विचार मनात आला तसा मी तो बाजूला सारला, कारण आत्ता मला एकच माणूस दिसत होतं. बावीस वर्षांपूर्वी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा थोरलीच दिली होती. तेव्हा मी ते नाव ठेवलेलं नव्हतं. अर्ध्या तासाचं काम म्हणाले होते. मग एक नर्स धावत बाहेर आली, दुसरी धावत आत गेली, आणि मला कुणी काही सांगेना. रक्तदाब एकदम तळाला गेला होता, वर येईना. ती शुद्धीवर आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तिचे ओठ सुकलेले होते आणि ती म्हणाली, “मी खाली खाली चालले होते. धरायला काहीच नव्हतं हो.” नंतर कित्येक वर्षं झोपेत मध्येच तिचा हात माझा दंड घट्ट धरायचा, नि सकाळी तिला ते आठवायचं नाही. आणि काल, मी खाली एक्स-रे आणायला गेलो असताना, तिने शिडीला सांगितलं, ते जुनं नको. शिडीने ऐकून घेतलं. पण तिचा रक्तदाब आता चढा असतो, आणि चढ्या रक्तदाबाला धाकटी वाईट, असं कुणीतरी छापून ठेवलेलं. कुशल हातांनी.

“भावजी, हे झाकण जरा उघडून द्या,” वहिनींनी थर्मास पुढे केला. मी धरला, फिरवला. झाकण हललं नाही. पुन्हा फिरवला. अंगठा मुडपला आणि अडला. इंजेक्शनचा असर संपून दोन महिने झाले होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. “राहू द्या, राहू द्या,” म्हणत वहिनींनी थर्मास काढून घेतला आणि एका झटक्यात उघडला. “एवढंसं तर होतं!” मी त्या झाकणाकडे बघत राहिलो. कालच तर घरी कॉफीची बरणी उघडली होती मी. याच हाताने. बरणीचं झाकण याच्यापेक्षा मोठं. मग हे कसं उघडलं नाही? मला त्याचा नीट विचार करायचा होता, पण तेवढ्यात हिरव्या टोपीतली एक नर्स बाहेर आली, तिने बायकोचा नंबर पुकारला आणि माझ्या हातात एक पिशवी दिली. आत चष्मा. “घेतोय त्यांना आता,” ती म्हणाली आणि वळली.

चष्म्याच्या उजव्या काचेवर तिच्या बोटाचा ठसा होता. ती नेहमी काच धरून चष्मा काढते, दांडी धरत नाही. हजार वेळा सांगितलंय. मी पिशवी वहिनींच्या मांडीवर ठेवली आणि चालत गेलो, बारा पावलं, आणि हिरवं बटण दाबलं. अंगठ्याने दाबता येईना तेव्हा मुठीने दाबलं. तीच नर्स परत आली. “भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवा.” “ते आत आहेत, काका. आता नाही येता येणार.” “अजून भूल दिली नसेल तर बोलवा,” मी म्हटलं, “दिली असेल तर नका बोलावू.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. माझ्या मनात आलं, दिली असेल तर बरं. हे मनात आलं होतं, ते लपवून उपयोग नाही. दिली असेल तर मला काही सांगावं लागणार नाही, बटण तर मी दाबलं होतं. तेवढ्यात शिडी आला. मास्क हनुवटीखाली ओढलेला.

“काय झालं, काका?”

“धाकटीचा निष्कर्ष चुकीचा आहे.”

“कुठला निष्कर्ष?”

“छापलेला. त्या कड्या मी खरवडल्या होत्या. आतून. अंगठा अडत होता माझा.”

“सगळ्या?”

“शेवटच्या दोन. रोजच्या शेवटच्या दोन.”

शेवटच्या दोन म्हणजे कुणाच्या, हे त्याला सांगावं लागलं नाही. दोन वर्षं त्याने त्याच टेबलावर काम केलं होतं. “आणि आधीची परीक्षा?” “घेतली नाही.” “पण हे कशावरून म्हणताय?” “अंगठा बरा झाल्यावर मी सहा कड्या लावल्या. परीक्षा घेऊन. सहाही सैल झाल्या. कागद आहे ड्रॉवरमध्ये.” “कधी लावल्या?” मी म्हटलं, “दीड वर्ष झालं.” त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो माझ्या हाताकडे बघत होता आणि मला हात कुठे ठेवावा ते कळेना. “काका,” तो शेवटी म्हणाला, “मला चिमटा धरायला तुम्ही शिकवलंत.” मी मान हलवली. मग त्याचा आवाज बदलला, कामाचा झाला. “एका निबंधावर मी कधी ठरवत नाही. पण काकूंच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच होत्या, पारडं झुकलं ते तुमच्या कड्यांनी. तसं नसेल तर त्यांचा बावीस वर्षांपूर्वीचा अनुभव मोठा. धाकटीच देतो, जपून, थोडी थोडी. या आत, दोन मिनिटं. फार घाबरल्यात, प्रेशर चढतंय.”

मला हिरवा डगला घातला, टोपी घातली. ती भिंतीकडेच्या खाटेवर होती, चादर गळ्यापर्यंत, आणि चादरीवर दोन्ही मुठी. चष्म्याशिवाय तिचा चेहरा नेहमीच लहान दिसतो. “कोण?” ती म्हणाली. “मी.” “काय विसरलात?” मी खाली वाकलो. औषध बदललं, एवढंच सांगितलं, बाकी घरी गेल्यावर सांगू म्हटलं. पण तिने विचारलं, “डॉक्टरांनी एकदम कसं काय बदललं? काल तर म्हणत होते तुमच्या लॅबने सिद्ध केलंय.” आणि मी सांगून टाकलं. चार वाक्यांत झालं. दीड वर्ष जे मावत नव्हतं ते चार वाक्यांत मावलं. कपाटाच्या दारावरचं पान खोटं आहे, हेही सांगितलं.

“म्हणजे ते जुनं देणार नाहीत ना?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“अगं, माझा अंगठा तेव्हा...”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“त्या हिवाळ्यापासून घरातली सगळी झाकणं मी आधीच सैल करून ठेवते. तुम्ही यायच्या आत. कॉफीचं, साखरेचं, खोकल्याच्या बाटलीचंसुद्धा. एकदा तुम्ही बरणीशी झटापट करताना मी पाहिलं होतं, आणि तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, कळायला नको.” तिचे डोळे मला शोधत होते आणि माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते. “मला काय ठाऊक, तुम्ही त्या झाकणांवरून तिकडे काय काय ठरवताय.”

मला हसू आलं आणि रडूही. मी तिच्या मुठीवर हात ठेवला. माझा पुरावा. माझा रोजचा, एका फिरकीत उघडणारा पुरावा. ती रोज मी घरी यायच्या आत तो तयार करून ठेवत होती, आणि मी तो मोठ्या दिमाखात उघडत होतो. मला तिचा राग यायला हवा होता, असं क्षणभर वाटलं, आणि आला नाही. शिडी तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. “काकू, आता अंग सैल सोडा,” तो म्हणाला. “सोडलं,” ती म्हणाली. तिची मूठ माझ्या हाताखाली उघडली. मग मला बाहेर काढण्यात आलं.

बाहेर वहिनींनी विचारलं, “काय झालं? तुम्हाला कशाला आत नेलं?” मी म्हटलं, “औषध बदललं. आता धाकटी देताहेत.” “मग तेच म्हणत होते मी मघापासून!” वहिनी म्हणाल्या आणि निवांत झाल्या. मी खिडकीपाशी जाऊन बाईंना फोन लावला. नंतर धीर होणार नाही, हे मला माझ्यापुरतं माहीत होतं. शिडीला सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, नाही गेलं. पलीकडून त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. “कागद आहे?” बाईंनी विचारलं. “आहे.” “उद्या घेऊन या. आपण लिहून कळवू, निष्कर्ष मागे घेतो म्हणून.” मग पुन्हा पंखा. “परीक्षा नको असं मी म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या, “तुम्ही नव्हतं.” मी म्हटलं, “मला कळायला हवं होतं, बाई.” “हो,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला कळायला हवं होतं.” आणि फोन ठेवला. दीड तास मी खिडकीपाशी उभा होतो. खाली एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला हाताने खुणा करत होता, येऊ दे, येऊ दे, बस्स. पडद्यावर तिच्या नंबरापुढे ‘प्रतीक्षा’च्या जागी ‘सुरू’ आलं होतं, ते बदलत नव्हतं. दार हललं तेव्हा मी वळलो नाही, वहिनी उठल्याचा आवाज ऐकला आणि मग वळलो. शिडी होता. “झालं, काका. मध्ये एकदा जरा उतरलं होतं, पण लगेच सावरलं. शुद्धीवर आल्यात. चष्मा मागताहेत.”

आता लॅबमध्ये कड्या मी कापत नाही. मी परीक्षेचे कागद तपासतो, प्रत्येक कडीचा पेन खाली आला की नाही ते बघतो आणि सही करतो, आणि विद्यार्थी मला घाबरतात. टेबलाच्या काचेखाली काही नाही. कपाटाच्या दारावरचं पान बायकोने काढलेलं नाही. मी म्हटलं काढ, तर म्हणाली, “आभार तर खरे आहेत ना?” वाद कुणी घालावा! परवा, ऑपरेशनला बारा दिवस झाले. ती आता घरात हळूहळू फिरते, दुपारी मी फोन केला तेव्हा ओट्याशी तिची काहीतरी खुडबूड ऐकू आली होती. संध्याकाळी मी घरी आलो, पाणी ठेवलं आणि कॉफीची बरणी घेतली. झाकण हलेना. कोरड्या फडक्याने धरून पाहिलं, ओट्यावर आपटून पाहिलं. तिने ते चांगलं घट्ट लावलं होतं. अंगठा मुडपला, अडला. पाणी उकळायला लागलं. मी बरणी हातात घेऊन तसाच थोडा वेळ उभा राहिलो.

“अगं,” मी म्हटलं, “हे झाकण उघडत नाहीये मला.”

“आणा इकडे,” ती आतून म्हणाली.